पोल शिकायचाय? अंगाची तयारी, पहिला महिना आणि घरच्यांशी बोलणं

पोल डान्स शिकावासा वाटणाऱ्या मुंबईतल्या मराठी बायका मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘मला एकही पुल-अप येत नाही, जमेल का?’ दुसरा आवाज खाली आणून, ‘घरी काय सांगू?’ पहिल्याचं उत्तर सरळ आहे. जमेल. बहुतेक जणी शून्य पुल-अपवरच सुरुवात करतात आणि ताकद खांबावरच येते. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मी स्वतः पोल करते, नवशिक्यांच्या बॅचला हातभार लावते, आणि माझा अनुभव असा की बायका क्लास सोडतात त्या हात दुखतात म्हणून क्वचित. लपवून लपवून थकतात म्हणून जास्त. त्यामुळे या लेखात अंगाची तयारी आहे तशीच त्या बोलण्याचीही आहे.

हा खांब कुठून आला

पोल म्हणजे साधारण ४५ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा, क्रोमचा किंवा पितळी खांब, जमीन ते छत घट्ट बसवलेला. तो दोन प्रकारे वापरतात: स्थिर, म्हणजे खांब जागेवर आणि आपण त्याभोवती फिरतो, आणि स्पिन, म्हणजे बेअरिंगवर खांबच आपल्यासकट फिरतो. नवशिक्यांनी स्थिर खांबावर सुरुवात करावी. स्पिनवर वेग आपल्या हातात राहत नाही आणि चक्करही येते.

आजचा पोल डान्स घडवला तो उत्तर अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांमध्ये नाचणाऱ्या बायकांनी. चढणं, फिरक्या, उलटं लटकणं, यातलं बरंचसं त्यांनी कामावर शोधलं आणि एकमेकींना शिकवलं. १९९०च्या दशकात हे शिक्षण क्लबबाहेर पडून सामान्य बायकांच्या व्यायामवर्गांत आलं. पुढे स्पर्धा आल्या. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ २००९ साली स्थापन झाला, २०१२ मध्ये लंडनला त्यांची जागतिक स्पर्धा झाली आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडा महासंघांच्या संघटनेने पोलला निरीक्षक दर्जा दिला. या स्पर्धांत पुरुष उतरतात, मुलं उतरतात, पन्नाशीपुढचेही उतरतात. चिनी सर्कशीतल्या खांबाची परंपरा वेगळी आणि कितीतरी जुनी.

आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, ‘अगं, म्हणजे मल्लखांबच ना!’ अगदी तसं नाही. मल्लखांब कुस्तीच्या आखाड्यातून आला. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. त्याचा खांब लाकडाचा, खाली जाड, वर निमुळता, आणि त्याला एरंडेल लावतात. दोन्हींचं कूळ एक नाही. शरीराचं गणित मात्र बरंच एक आहे. मल्लखांबात पायांची ‘अढी’ घालतात, म्हणजे मांड्या-पोटऱ्यांत खांब आवळून हात मोकळे करतात. पोलवर पहिल्या महिन्यात आम्ही नेमकी तीच गोष्ट शिकवतो. दादरच्या शिवाजी पार्कात मुलींना मल्लखांब करताना पाहत मोठ्या झालेल्या बाईला हे सांगितलं की पुढचं निम्मं समजावणं वाचतं. तिथेच २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली होती.

तोकड्या कपड्यांचं कारण

सगळ्यात जास्त बोलणी या मुद्द्यावर ऐकावी लागतात, म्हणून जरा थांबून सांगते. पोलवर आपल्याला धरून ठेवते ती कातडी. धातूवर कापड घसरतं. लेगिंग घालून खांबावर बसायचा प्रयत्न केला तर सरळ खाली येतो. मांडीचा आतला भाग, गुडघ्यामागची घडी, काख, कंबरेची बाजू, कोपराची घडी हे सगळे आपले ब्रेक आहेत. ते उघडे असावे लागतात. जसजशी कठीण हालचाल, तसतसा शरीराचा वेगळा भाग पकडीला लागतो आणि म्हणून तो मोकळा ठेवावा लागतो. मल्लखांबपटू लंगोट किंवा आखूड चड्डी घालतात ते याच कारणाने, आणि त्यात कुणाला काही गैर दिसत नाही.

पहिल्या दोन-तीन तासांना मात्र एवढं काही लागत नाही. गुडघ्याच्या वर येणारी चड्डी आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट पुरतो. खांबाकडे जाईपर्यंत वरून ट्रॅक पँट ठेवा. संकोच वाटणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते की कपडे गरजेनुसार कमी करा, दुसरीला बघून नको. पूर्ण वर्षभर मांडीपर्यंतच्या चड्डीत शिकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्या उत्तम चढतात.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं

खांदा कधी निखळला असेल, मनगटाचं किंवा कोपराचं जुनं दुखणं असेल, मणक्याची गादी सरकली असेल, रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, चक्कर येण्याची सवय असेल, अलीकडे ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं असेल, तर विचारूनच या. गरोदरपणी नव्याने सुरू करू नका. वजन जास्त आहे म्हणून मात्र थांबू नका. वर उचलायला वेळ जास्त लागेल, हे खरं. पण पकड बसते ती कातडीच्या स्पर्शावर, आणि तो भरल्या अंगाला भरपूर मिळतो. पाळीत यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

क्लास निवडताना काय बघायचं

मुंबईत पोलचे बरेचसे वर्ग पश्चिम उपनगरांत भरतात. ठाण्याहून किंवा डोंबिवलीहून येणारीला हा प्रवास जिवावर येतो. आठवड्यातून दोनदा जाता येईल असा क्लास, थोडा साधा असला तरी, महिन्यातून दोनदा जमणाऱ्या झकपक स्टुडिओपेक्षा बरा. फी जिमपेक्षा जास्त असते, कारण एका खांबावर एक किंवा दोनच जणी शिकू शकतात. एका खांबावर चार जणी उभ्या असतील तर पैसे रांगेत उभं राहण्याचे जातात.

पैसे भरण्याआधी एक ट्रायल घ्या आणि डोळे उघडे ठेवा. खांब कसा बसवलाय? स्लॅबला बोल्ट मारून, की नुसता दाब देऊन फॉल्स सीलिंगखाली? दुसरं असेल तर परत फिरा. क्रॅश मॅट, म्हणजे खांबाभोवती घालायची जाड गादी, आहे का? आपण उलटं होताना प्रशिक्षिका स्वतः आधाराला उभी राहते का? अंगाला हात लावण्याआधी विचारते का? जिच्या हातात आपलं डोकं-मान आहे तिने ‘कंबरेला धरू का?’ एवढं विचारणं हे शिष्टाचारापलीकडचं आहे. त्याने आपण सावध असतो आणि अंग अचानक आखडत नाही. कपडे बदलायला दार लागणारी खोली हवी. वर्गात फोटो-व्हिडिओचा नियम काय, तोही पहिल्याच दिवशी विचारा. आणि पहिल्या किंवा दुसऱ्या तासाला नवशिकीला उलटं लटकवून तिचा फोटो काढून देणारा क्लास टाळा. फोटो छान येतो, खांदा जातो.

क्लासच्या आधीचे चार आठवडे

आपण घरात सिलिंडर सरकवतो, पाण्याच्या बादल्या उचलतो, भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढतो. हात काही कमजोर नसतात. स्वतःचं वजन वर ओढायची वेळ मात्र बहुतेकींवर कधी आलेली नसते, म्हणून पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू झोपलेले असतात. त्यांना जागं करायचं.

महापालिकेच्या बऱ्याच बागांत आता लोखंडी बार आणि व्यायामाची साधनं आहेत. सकाळी जाऊन बारला नुसतं लटका. दहा सेकंद, मग विश्रांती, असं चार-पाच वेळा. दुसऱ्या आठवड्यात लटकूनच खांदे कानांपासून खाली ओढा आणि सोडा. कोपर वाकवायचं नाही. हालचाल दोन इंचांची असते, पण पोलवरची प्रत्येक फिरकी याच दोन इंचांवर तरते. घरी प्लँक आणि नौकासन तीस सेकंदांपर्यंत न्या. सूर्यनमस्कार घाला, पण सावकाश. साष्टांगात जाताना धाडकन खाली न येता तीन मोजत या. मनगटं रोज गोल फिरवा. पकडीसाठी ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळणं हा जुना व्यायाम आजही चांगलाच आहे.

लोकलच्या डब्यातल्या खांबावर किंवा मेट्रोत सराव करून बघायचा मोह काहींना होतो. करू नका. तो खांब उभ्या प्रवाशांच्या तोलासाठी आहे, आणि खाली गादी नाही.

पहिला तास

त्या दिवशी अंगाला लोशन, तेल, सनस्क्रीन काहीच नको. आदल्या रात्रीचं बॉडी लोशनही दुसऱ्या दिवशी घसरवतं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण काढून ठेवा. धातूवर धातू घासला की खांबाला ओरखडे पडतात आणि तेच ओरखडे पुढच्या मुलीच्या मांडीला लागतात. मंगळसूत्रही काढायचं असतं, कारण ते खांब आणि गळा यांच्यात अडकू शकतं. ज्यांना ते काढणं जड जातं त्यांनी छोट्या डबीत घालून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवावं. नखं कापलेली असावीत, केस बांधलेले. जेवण दोन तास आधी.

पंधरा मिनिटं वॉर्म-अप झाल्याशिवाय खांबाला हात लावू नका, उशीर झाला असेल तरीही.

सुरुवात चालण्याने होते. खांबाजवळ उभं राहायचं, जवळचा हात डोक्याच्या थोडा वर, आणि चवड्यांवर खांबाभोवती चालायचं, शरीर बाहेरच्या बाजूला जरा झुकू देत. इथेच कळतं की खांबावर विश्वास टाकायचा म्हणजे काय. मग पहिली फिरकी, जिला सगळीकडे फायरमन म्हणतात. दोन्ही हात खांबावर, एक डोक्याच्या वर, दुसरा त्याच्या वीतभर खाली. आतल्या पायाने एक पाऊल, बाहेरचा पाय मोठा गोल घेऊन पुढे, आणि त्याच झोकात दोन्ही गुडघ्यांनी खांब पकडायचा. नवशिकी इथे हात ढिले सोडते आणि सगळं वजन खांद्याच्या सांध्यात लटकतं. बागेतल्या बारवरची ती दोन इंचांची हालचाल आठवा: खांदे खाली, मान लांब.

चढणं दुसऱ्या किंवा तिसऱ्या तासाला. एका पायाचं पाऊल वर वळवून ते खांबाला बाहेरून अडकवायचं, नडगी खांबाला टेकवायची, गुडघा दाबायचा. दुसऱ्या पायाने समोरून आवळायचं, की खांब दोन पायांच्या चिमटीत येतो. आता पाय सरळ करत उभं राहायचं आणि हात वर सरकवायचे. ताकद पायांची, हात फक्त वाट काढतात. ज्या बायका हातांनी स्वतःला ओढू पाहतात त्या दुसऱ्याच पावलाला दमतात.

त्यानंतर बसणं. दोन्ही मांड्यांमध्ये खांब घेऊन, पाय एकावर एक आवळून, हात सोडायचे. जळतं. खरंच जळतं, आणि तोंडातून शब्द निघतात. तीन-चार आठवड्यांत तिथली कातडी सरावते. बसता आलं की पहिल्यांदा दोन्ही हात हवेत जातात, आणि त्या क्षणी माझ्या वर्गातल्या बहुतेक बायका हसतात. चाळीस वर्षं ‘नीट बस, पाय जवळ घे’ ऐकलेल्या बाईला जमिनीपासून चार फुटांवर स्वतःच्याच मांड्यांच्या जोरावर बसल्यावर काय वाटतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पण याच जागी त्या पुढचे पैसे भरायचं ठरवतात.

प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी करा. नावडती बाजू आधी. एकाच बाजूने शिकणाऱ्यांची पाठ काही महिन्यांत वाकडी दुखायला लागते.

उलटं व्हायची घाई नको. जमिनीवरून उडी न मारता, पोटाच्या ताकदीने गुडघे छातीपर्यंत सावकाश उचलून तिथे थांबता येत असेल, आणि तितकंच सावकाश खाली येता येत असेल, तर वेळ झाली. कुणाला दोन महिने लागतात, कुणाला आठ. हात पिळून धरायची ती पकड, ट्विस्टेड ग्रिप, पहिल्या वर्षी करायची नाही, समोरची कितीही सहज करत असली तरी.

निळे डाग, घाम आणि पावसाळा

पायाच्या वरच्या बाजूला, नडगीवर, मांडीच्या आत निळे-जांभळे डाग पडतील. ते दाबल्यावर दुखतात, आठवड्याभरात पिवळे होऊन जातात. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं लावा. वाईट खूण वेगळी असते: सांध्यात खुपसल्यासारखं दुखणं, बोटांत मुंग्या, रात्री खांद्यावर झोपता न येणं, कोपराच्या आतल्या हाडाशी रोज ठणकणं. अशा वेळी क्लास थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. दोन क्लासच्या मध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश तयार होतात, आणि पहिल्या महिन्यातला उत्साह नेमका त्यांच्यावर पडतो.

या डागांबद्दल एक गोष्ट जरा जपून सांगते. घरी मारहाण सोसणाऱ्या बाईच्या अंगावरही असेच डाग असतात. मैत्रिणीने किंवा डॉक्टरांनी विचारलं तर चिडू नका, नीट उत्तर द्या. त्यांनी विचारायलाच हवं.

मुंबईच्या दमट हवेत पकड हा रोजचा झगडा आहे. जून ते सप्टेंबर स्टीलचा खांब ओला वाटतो. पितळ तुलनेने बरं धरतं. आपला नंबर झाला की खांब स्पिरिट लावलेल्या सुती फडक्याने पुसा. हातांना गिर्यारोहक वापरतात तो मॅग्नेशियमचा खडू किंवा लिक्विड चॉक लावा, पण तळहात कोरडे करून. एसीतल्या थंडगार खोलीत उलट घडतं, कातडी कोरडी पडून घसरते. तेव्हा आधी घाम येईपर्यंत अंग तापवायचं. पावसात भिजून आलात तर पाय पूर्ण पुसल्याशिवाय चढू नका.

घरी खांब लावायचा विचार पहिल्या वर्षी सोडून द्या. भाड्याची जागा, पीओपीचं छत, जुन्या इमारतीचा स्लॅब, यातलं काहीही असेल तर तो विचार नंतरही नको.

घरी काय सांगायचं

बहुतेक जणी ‘झुंबाला जाते’ म्हणतात. मला ते समजतं, आणि ज्या घरात खरं बोलल्यावर बाहेर पडणंच बंद होईल तिथे तेच करावं लागतं. स्वतःची सुरक्षितता आधी. बाकीच्यांना माझा सल्ला: नाव लपवू नका, पण नावापासून सुरुवातही करू नका.

आधी एक-दीड महिना शिका. जिने चढताना दम लागेनासा होतो, पाठ दुखायची थांबते, हे घरच्यांच्या लक्षात येतंच. मग सांगा. सासूबाईंशी असं बोलता येईल: ‘अहो आई, मी शनिवारी जाते ना, तो खांबावरचा व्यायाम आहे. मल्लखांबासारखं चढायचं, लटकायचं. त्याला पोल डान्स म्हणतात.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते उद्या दुसरीकडून कळलं तर लपवलं याचाच राग येईल. व्हिडिओ दाखवायचा तर इंटरनेटवरचा कुणाचा नको, तुमचा चढतानाचा दाखवा. परकी बाई दिसली की लोक तिचे कपडे बघतात. आपली सून किंवा मुलगी दिसली की ‘पडशील गं!’ म्हणतात. तिथून बोलणं सोपं होतं.

नवऱ्याने ‘चालेल, पण कुणाला सांगू नकोस’ म्हटलं, तर कुणाला आणि का, हे तिथेच विचारून घ्या. पुष्कळदा त्याच्या मनात एखादा भाऊ किंवा ऑफिसातला मित्र असतो, आणि त्या एका माणसापुरतं बोलता येतं.

आता ज्या वाक्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे ते. ‘मी करते ते बारमधलं नाही हं, हा चांगल्या घरच्या बायकांचा व्यायाम आहे.’ हे वाक्य ओठावर येतं, घरी लगेच चालतंही. कृपा करून म्हणू नका. महाराष्ट्रात २००५ साली डान्सबारवर बंदी आली, हजारो बायकांचं काम गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकवली नाही, तरी त्या बायकांवरचा शिक्का पुसला गेला नाही. त्याही आधीपासून आपण लावणीला टाळ्या दिल्या आणि लावणी नाचणारीला उंबऱ्याबाहेर ठेवलं. आपण पोलवर जे शिकतो ते पोटासाठी नाचणाऱ्या बायकांनीच शोधलेलं आहे. स्वतःला सोडवण्यासाठी तो शिक्का आपण पुन्हा त्यांच्याच कपाळावर मारला, तर आपल्यालाही तो उद्या लागू शकतो. एखाद्या दिवशी कुणी आपल्यालाच ‘त्यातली’ ठरवेल आणि आपल्याकडे उत्तर उरणार नाही. त्याऐवजी एवढं म्हणा: ‘हो, क्लबमध्येही करतात. तिथल्या बायकांनीच हे सुरू केलं. फार कठीण आहे, मी शिकतेय.’ पुढे वाद घालायची गरज पडत नाही.

सोसायटीत, लग्नकार्यात, लेडीज डब्यातल्या ग्रुपमध्ये सांगणं बंधनकारक नाही. तोंड उघडायचं कुणासमोर आणि किती, हे तुमच्या हातात.

फोटो, रील आणि त्रास झाला तर

पहिले तीन महिने काही टाकू नका, हा माझा आग्रह आहे. तोवर आपण काय करतोय ते आपल्यालाच नीट कळलेलं असतं आणि कुणाच्या कमेंटने ते डळमळत नाही. स्वतःसाठी चित्रीकरण जरूर करा, चूक दुरुस्त करायला त्याहून चांगलं साधन नाही. पण मागे दुसरी कुणी दिसत असेल तर तिला विचारल्याशिवाय तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवरही पाठवू नका. तिने घरी सांगितलंय की नाही, तुम्हाला माहीत नसतं. क्लासने जाहिरातीसाठी परवानगीच्या फॉर्मवर सही मागितली तर वाचून करा, नको असेल तर तसं लिहून द्या.

कुणी कपडे बदलताना चोरून चित्रीकरण केलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. नकार दिल्यावरही वारंवार मेसेज करणं, पाठलाग करणं कलम ७८ मध्ये येतं. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. त्याआधी समोरच्याला ब्लॉक करायची घाई करू नका. स्क्रीनशॉट, त्याच्या खात्याची लिंक, तारीख-वेळ जपून ठेवा, क्लासला लेखी कळवा, आणि पोलीस ठाण्यात जाताना वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला बरोबर न्या.